प्ली बार्गेनिंग: खटला न चालवता होणाऱ्या शिक्षेविषयी काही आक्षेप

वैनतेया (धागाकर्ती):

फौजदारी न्यायालयांत साचलेल्या खटल्यांचा विषय निघाला की हल्ली एक उपाय हमखास सुचवला जातो. अमेरिकेप्रमाणे आपल्याकडेही प्ली बार्गेनिंग सर्रास व्हावे, आरोपीने गुन्हा कबूल करावा, त्या बदल्यात त्याला कमी शिक्षा मिळावी आणि सगळ्यांचाच वेळ वाचावा, असा तो उपाय आहे. कायद्यात ही सोय पूर्वीपासून आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेतील २१-अ हे प्रकरण ५ जुलै २००६ रोजी अमलात आले आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या २३व्या प्रकरणाने घेतली. ही सोय फारशी वापरली जात नाही, म्हणून ती वाढवावी, असा सध्याचा आग्रह आहे. ती वाढवण्यापूर्वी अमेरिकेत तिचे काय झाले आणि आपल्याकडे तिचे काय होईल, याचा नीट विचार व्हावा, एवढ्यासाठी हा धागा काढते आहे.

ज्यूरीसमोर खटला चालवून घेण्याचा हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेने आरोपीला दिला आहे, पण तो बजावणारा आरोपी तिथे आता क्वचितच सापडतो. मिसुरी विरुद्ध फ्राय या २०१२ सालच्या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच नमूद केले की संघीय न्यायालयांतील ९७ टक्के आणि राज्यांच्या न्यायालयांतील ९४ टक्के दोषसिद्धी कबुलीतून झालेल्या असतात. म्हणजे शिक्षा झालेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम तीन ते सहा माणसांच्या बाबतीत साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला, त्याची उलटतपासणी झाली आणि पोलिसांचे म्हणणे कोणीतरी तपासून पाहिले. उरलेल्यांच्या बाबतीत पोलिसांनी लिहिले तेच अखेरचे सत्य ठरले.

हे इतक्या टोकाला कसे गेले, ते समजण्यासाठी केंटकी राज्यातील पॉल लुईस हेस याचे प्रकरण पाहण्यासारखे आहे. ८८ डॉलर ३० सेंटचा बनावट धनादेश वापरल्याचा त्याच्यावर आरोप होता आणि त्या गुन्ह्याला दोन ते दहा वर्षांची शिक्षा होती. सरकारी वकिलाने त्याला सांगितले की गुन्हा कबूल केलास तर मी पाच वर्षांची शिफारस करीन, आणि कबूल न करता न्यायालयाला खटला चालवायला लावलास तर तुझ्या आधीच्या दोन शिक्षांच्या आधारे तुझ्यावर सराईत गुन्हेगाराचे कलम लावीन. त्या कलमाला जन्मठेप होती. हेसने नकार दिला, खटला लढवला, तो हरला आणि त्याला खरोखरच जन्मठेप झाली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारी वकिलाचे हे वागणे घटनेत बसते, असा निर्वाळा दिला. गुन्हा तोच, पुरावा तोच आणि आरोपीही तोच असताना पाच वर्षांच्या शिक्षेऐवजी जन्मठेप झाली ती केवळ त्याने खटला मागितला म्हणून. हक्क बजावला म्हणून वाढणारी ही शिक्षा हाच माझ्या मते प्ली बार्गेनिंगमधला सर्वांत मोठा दोष आहे, आणि बाकीचे बहुतेक दोष त्यातूनच निघतात.

टेक्सासमधील तुलिया या लहानशा गावात जुलै १९९९ मध्ये अमली पदार्थ विकल्याच्या आरोपावरून ४६ जणांना अटक झाली आणि त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. पुरावा म्हणून एका गुप्त पोलिसाचा शब्द होता. ध्वनिमुद्रण नव्हते, दुसरा साक्षीदार नव्हता आणि छाप्यांत माल सापडला नव्हता. सुरुवातीला ज्यांनी खटला लढवला त्यांना प्रचंड शिक्षा झाल्या, एकाला तर ९० वर्षांची. ते पाहून उरलेल्यांपैकी अनेकांनी मुकाट्याने गुन्हा कबूल केला. पुढे तो पोलीस विश्वासार्ह नसल्याचे उघड झाले, २००३ साली राज्यपालांनी ३५ जणांना माफी दिली आणि २००५ मध्ये त्या पोलिसालाच खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरवण्यात आले. कबुली देणाऱ्या प्रत्येकाला त्या वेळी न्यायाधीशाने ठरलेले प्रश्न विचारले असतील, ‘तू हे स्वखुशीने करतो आहेस ना?’ हाही त्यांत असेल, आणि प्रत्येकाने ‘होय’ म्हटले असेल.

जो कबुली देत नाही त्याचे काय होते, हे कॅलीफ ब्राउडर या मुलाच्या वाट्याला आले. पाठीवरची पिशवी चोरल्याच्या आरोपावरून २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात त्याला अटक झाली, तेव्हा तो १६ वर्षांचा होता. तीन हजार डॉलरचा जामीन कुटुंबाला भरता आला नाही, म्हणून तो रायकर्स आयलंडच्या तुरुंगात सुमारे तीन वर्षे राहिला आणि त्यातला बराच काळ त्याला एकट्याला कोंडून ठेवले होते. कबूल कर आणि घरी जा, असे प्रस्ताव त्याच्यापुढे वारंवार आले. मी चोरी केलेली नाही, असे सांगून त्याने ते नाकारले. अखेर २०१३ मध्ये खटलाच मागे घेण्यात आला. दोन वर्षांनी त्याने आत्महत्या केली.

या दोन्ही प्रकारांत सौद्यामागे धमकी आहे. हेस आणि तुलियाच्या बाबतीत ती खटल्यानंतरच्या शिक्षेची होती, ब्राउडरच्या बाबतीत खटल्याआधीच्या तुरुंगवासाची. आपल्याकडे ही दुसरी धमकी आधीच तयार आहे. २०२२च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती आणि त्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. ज्या देशात जामिनाअभावी माणसे वर्षानुवर्षे आत राहतात, तिथे ‘कबूल कर, सुटशील’ या वाक्याला किती वजन येते, ते वेगळे सांगायला नको.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाला याची जाणीव फार पूर्वी झाली होती. महाराष्ट्रातील अन्नभेसळीच्या एका प्रकरणात, मुरलीधर मेघराज लोया यांच्या १९७६ सालच्या निकालात, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा पडद्याआडच्या तडजोडींवर कडक टीका केली, कारण तिथे कामाखाली दबलेले न्यायालय मान डोलावते आणि सौद्यात सामील नसलेला समाज मात्र नुकसान सोसतो. कासमभाई शेख या गुजरातमधील प्रकरणात १९८० साली न्यायमूर्ती भगवती यांनी म्हटले की लांबलचक खटल्याच्या भीतीने निर्दोष माणूसही हलकी शिक्षा पत्करील आणि न्यायाधीशाचे लक्षही पुराव्यावरून ढळेल. तो आक्षेप २००६ च्या कायद्याने दूर झाला आहे, असे मला वाटत नाही. सौदा कायदेशीर झाला, इतकेच. येथे वकिली करणारे आणि न्यायालयात प्रत्यक्ष वावरणारे सदस्य आहेत, त्यांनी आपला अनुभव मांडावा.

---

कृष्णाकाठ:

वैनतेयाताई, लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु अमेरिकेचे चित्र जसेच्या तसे इथे लावणे मला पटत नाही. मी जिल्ह्याच्या ठिकाणी फौजदारी वकिली करतो, त्यामुळे रोज जे पाहतो ते सांगतो.

आपल्या कायद्यात सरकारी वकिलाला कलम बदलून देण्याचा अधिकार या प्रकरणाखाली नाही. सौदा होतो तो शिक्षेचा, आरोपाचा नाही. अर्ज आरोपीनेच प्रतिज्ञापत्रासह करायचा असतो. सात वर्षांहून अधिक शिक्षेचे गुन्हे, स्त्रियांविरुद्धचे आणि लहान मुलांविरुद्धचे गुन्हे, देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे गुन्हे हे सगळे त्यातून वगळले आहेत. न्यायाधीशाने आरोपीला बंद दालनात, दुसऱ्या पक्षाच्या गैरहजेरीत विचारून कबुली स्वेच्छेची आहे याची खात्री करायची असते. सौदा फसला तर आरोपीचे त्या अर्जातील म्हणणे त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. हेसला जे सांगितले गेले ते आपल्याकडचा सरकारी वकील या प्रकरणाच्या आधारे सांगू शकत नाही.

आणि मुळात आमचे पक्षकार या वाटेने जातच नाहीत. एकूण निकाली निघणाऱ्या खटल्यांत या पद्धतीने निघणारे एक टक्काही नाहीत. याचे कारण साधे आहे. साक्षीदार फितूर होतात, पंच ‘माझी फक्त सही घेतली’ म्हणून सांगतात, तपासी अंमलदाराची बदली झालेली असते आणि वर्षे गेल्यावर निर्दोष सुटण्याची शक्यता बरीच असते. शिवाय अनेक गुन्हे तडजोडीने मिटतात आणि त्यात आरोपी निर्दोष सुटतो. मग जो बाहेर आहे, ज्याचा जामीन झाला आहे, तो शिक्षेचा डाग कशाला लावून घेईल?

प्रश्न उरतो तो आत असलेल्यांचा, आणि इथे मी तुमच्याहून वेगळ्या निष्कर्षावर येतो. न्यायालयाच्या आवारातल्या लॉकअपच्या जाळीपाशी कच्च्या कैद्याशी बोलायला आम्हांला पाच-दहा मिनिटे मिळतात. बरोबरचा पोलीस घाई करत असतो आणि जाळीत बोटे अडकवून तो माणूस एवढेच विचारतो, ‘साहेब, कबूल केलं तर आज सुटंन का?’ त्याचा जामीन अनेकदा मंजूर झालेला असतो. जामीनदार मिळालेला नसतो. जामीनदाराचा सातबारा किंवा घराचा उतारा, तहसील कार्यालयातून आणलेला ऐपतीचा दाखला, हे सगळे रोजंदारीवरच्या माणसाच्या नात्यात कोणाकडे असते? अशा माणसाला मी ‘तत्त्वासाठी आत राहा’ असे सांगू शकत नाही. भोगली तेवढी शिक्षा धरून तो आज घरी जात असेल, तर त्याच्या दृष्टीने तो न्यायच आहे.

---

वैनतेया:

@कृष्णाकाठ, वकीलसाहेब, सविस्तर प्रतिसादाबद्दल आभार. कायद्यातील सुरक्षा-तरतुदी आपण सांगितल्या त्या बरोबर आहेत आणि अमेरिकेहून आपला कायदा सौम्य आहे, हेही मान्य. परंतु आपल्या प्रतिसादाचा शेवटचा भाग माझ्याच मुद्द्याला बळ देतो. जो बाहेर आहे तो कबुली देत नाही, जो आत आहे तोच देतो, असे आपणच म्हणता. मग ही कबुली पश्चात्तापातून किंवा पुराव्याच्या बळामुळे येत नाही, तर कोठडीतून येते.

नव्या संहितेने तर हा हिशेब आकड्यांतच मांडून ठेवला आहे. साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या ३०३व्या कलमाखाली कमाल तीन वर्षांची शिक्षा आहे. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या आरोपीने प्ली बार्गेनिंगचा मार्ग धरला, तर न्यायालय त्याला कमाल शिक्षेच्या एक षष्ठांश, म्हणजे सहा महिन्यांची शिक्षा देऊ शकते, आणि आत काढलेला काळ त्यातून वजा होतो. त्याच माणसाला गुन्हा नाकारून केवळ दीर्घ कोठडीच्या आधारावर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली जामिनावर सुटायचे असेल, तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ, म्हणजे एक वर्ष आत काढावे लागते. सहा महिने झालेला जो कैदी ‘मी चोरी केली’ म्हणेल तो आज सुटतो, आणि ‘मी केली नाही’ म्हणणाऱ्याला आणखी सहा महिने थांबावे लागते. निर्दोष असण्याची किंमत इथे अधिक आहे. हे कोणा एका पोलिसाच्या वा वकिलाच्या दुष्टपणामुळे घडत नाही. दोन कलमे शेजारी ठेवली की आपोआप घडते.

त्यापुढचे गणित आणखी वाईट आहे. त्याच ३०३व्या कलमाखाली दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी आहे. सुटायचे म्हणून दिलेली पहिली कबुली दुसऱ्या खटल्यात न्यायाधीशाचे हात बांधून ठेवते. लॉकअपच्या जाळीपाशी मिळणाऱ्या त्या पाच मिनिटांत हे आरोपीला सांगितले जाते का, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

---

हडसनतीर:

धागा वाचून राहवले नाही. मी न्यू जर्सीत अनेक वर्षे राहतो आणि इथल्या मराठी मंडळींत अडचणीत सापडलेल्यांना दुभाषा म्हणून मदत करतो. आपल्या लोकांना या विषयाची झळ एका वेगळ्या बाजूने लागते, ती नोंदवतो.

दुकानातून वस्तू उचलल्याचा किरकोळ आरोप असतो. विद्यार्थी किंवा नुकतीच आलेली गृहिणी न्यायालयात घाबरून उभी असते. सरकारी वकील सांगतो की कबूल करा, थोडा दंड भरा, आजच विषय संपेल. वकील नेमला तर त्याची फी दंडाच्या अनेक पट, शिवाय सुट्ट्या आणि नोकरीच्या ठिकाणी चर्चा, या सगळ्यापेक्षा दंड भरलेला बरा असे वाटून कबुली दिली जाते. फौजदारी न्यायालयापुरता विषय तिथे संपतो. मग व्हिसाच्या नूतनीकरणाच्या किंवा ग्रीन कार्डाच्या वेळी तो पुन्हा उघडतो, कारण चोरी हा नैतिक अधःपतनाचा गुन्हा धरला जातो. त्यातही एक मेख अशी आहे की स्थलांतर कायद्यात ‘दोषसिद्धी’ची व्याख्या फार व्यापक आहे. राज्याच्या न्यायालयाने औपचारिक शिक्षा न सुनावता प्रकरण स्थगित ठेवले, तरी कबुली दिलेली असेल आणि काही निर्बंध घातलेले असतील, तर ती दोषसिद्धी मोजली जाते.

२०१० साली पडिया विरुद्ध केंटकी या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कबुलीमुळे देशाबाहेर घालवले जाण्याचा धोका असेल, तर तसे सांगणे हे वकिलाचे घटनात्मक कर्तव्य आहे. तो गृहस्थ मूळचा होंडुरासचा, चाळीस वर्षांहून अधिक काळ कायदेशीर रहिवासी आणि व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या सैन्यात काम केलेला होता. इतकी वर्षे इथे आहेस, तुला काही होणार नाही, असे त्याच्या वकिलाने सांगितले आणि त्या भरवशावर त्याने कबुली दिली. म्हणून ‘आरोपीला परिणाम सांगितले जातात का’ हा वैनतेया यांचा प्रश्न मला मध्यवर्ती वाटतो. शिक्षा किती, एवढेच आरोपीला कळते. नोकरी, घर, मुलांचा ताबा, देशात राहण्याचा हक्क यांचे काय होणार, हे सौद्याच्या कागदावर नसते.

इथल्या वाचकांना एक विनंती. किरकोळ आरोप असला, तरी स्थलांतराचा कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारल्याशिवाय कोणत्याही कबुलीवर सही करू नका.

---

मोगरा_७:

एक प्राथमिक प्रश्न आहे. वर ‘तडजोड’ आणि ‘प्ली बार्गेनिंग’ असे दोन शब्द आले आहेत. दोन्हींत फिर्यादी आणि आरोपी समझोता करतात, तर फरक नेमका काय?

---

कृष्णाकाठ:

@मोगरा_७, तडजोडीत ज्याचे नुकसान झाले तो खटला मिटवायला तयार होतो आणि आरोपी निर्दोष सुटतो, त्यामुळे त्याच्या नावावर शिक्षा राहत नाही. प्ली बार्गेनिंगमध्ये आरोपी दोषी ठरतो, फक्त शिक्षा कमी होते. शिवाय त्या निकालावर अपील करता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगी मागणे किंवा उच्च न्यायालयात रिट दाखल करणे एवढेच उरते, आणि ते गरिबाच्या आवाक्यातले नसते.

---

गोदाकाठ:

चर्चा आरोपीच्या बाजूने चालली आहे, ती योग्यच आहे. मला दुसरी बाजू मांडायची आहे.

माझे एक जवळचे नातेवाईक रस्त्यावरील अपघातात गेले. हयगयीने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा खटला ट्रकचालकावर होता. चालकाने प्ली बार्गेनिंगचा अर्ज केला. कायद्याप्रमाणे आम्हांला नोटीस आली, बैठकीला बोलावले गेले, आणि बैठकीत आम्हांला एकच गोष्ट विचारण्यात आली की नुकसानभरपाईचा आकडा काय लावायचा. आम्हांला आकड्यापेक्षा वेगळे काही हवे होते. चालक किती तास सलग गाडी चालवत होता, त्याला कोणी चालवायला लावले, गाडीच्या ब्रेकबद्दल त्याने मालकाला आधी सांगितले होते का, हे उघड न्यायालयात शपथेवर यावे, असे आम्हांला वाटत होते. कबुली झाली आणि ते सगळे प्रश्न तिथेच मिटले. चालकाने दोष पत्करला, मालकाचे नावही कागदावर आले नाही.

चालकाबद्दल माझ्या मनात राग नाही. तोही त्या दिवशी घाबरलेला, थकलेला माणूस होता आणि आमच्यासमोर हात जोडून उभा होता. पण खालच्या माणसाची कबुली वरच्या माणसाला वाचवते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. धागालेखात अन्नभेसळीचे प्रकरण आले आहे, तिथेही दुकानातल्या नोकराने दंड भरला की भेसळ कुठून आली हे विचारायला कोणी उरत नाही. खटला हा केवळ शिक्षा ठरवण्यासाठी नसतो. काय घडले ते सर्वांसमोर सांगितले जावे, यासाठीही असतो.

---

पालावरून:

मी भटक्या-विमुक्तांच्या, मुख्यतः पारधी समाजाच्या वस्त्यांवर काम करते. वकीलसाहेबांनी लिहिले की कैद्याच्या दृष्टीने सुटका हाच न्याय असतो. त्या क्षणी तसे वाटते, हे खरे आहे, आणि त्याची पुढची दहा वर्षे आम्ही पाहतो.

इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली गेला, पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलीस ठाण्यातली नजर बदलली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतील जातिभेद घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार समजण्याच्या वृत्तीवरही बोट ठेवले. निकाल मोठा आहे. पालावर मात्र अजूनही परिसरात चोरी झाली की गाडी आधी तिथे येते.

अशा ठिकाणी कबुली कशी होते, ते सांगते. मुलगा आत असतो. आई पाल सोडून तालुक्याला येते, तिच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद असतात, कोणता कागद कशाचा हे तिला वाचता येत नाही. वकील मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेला असतो, त्याच्याकडे त्या दिवशी बरीच कामे असतात. तयार नमुन्यावर टंकलेले प्रतिज्ञापत्र पुढे येते. ‘मी वर नमूद केलेल्या गुन्ह्याचे स्वरूप व त्याची शिक्षा समजून घेऊन, कोणत्याही दबावाशिवाय स्वखुशीने हा अर्ज करीत आहे’, असे त्यात छापलेले असते आणि खाली निळ्या शाईचा अंगठा उमटतो. न्यायाधीश दालनात बोलावून विचारतात, तेव्हा मुलगा मान हलवतो, कारण मान हलवली की घरी जायला मिळते, एवढे त्याला बाहेर सांगून ठेवलेले असते. दोषारोपपत्राची प्रत त्याने उघडून पाहिलेली नसते, आणि पाहून उपयोगही नसतो. मुद्देमाल कोणाकडून जप्त झाला, पंच कोण होते, ओळखपरेड झाली का, यांतले काही तपासले जात नाही.

मग तो सुटतो. पुढच्या चोरीच्या वेळी पोलिसांकडे त्याचे नाव ‘शाबीत गुन्हेगार’ म्हणून असते. त्याला पुन्हा उचलतात, एका अटकेत जुने न उलगडलेले दोन-चार गुन्हे त्याच्या नावावर टाकतात. वैनतेया यांनी कलम ४७९ सांगितले, त्यातलीच दुसरी तरतूद अशी आहे की एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तर त्या कलमाखाली जामीन मिळत नाही. म्हणजे त्याच्यासाठी कलम ४७९चाही मार्ग बंद होतो आणि पुन्हा सरळ कबुलीच उरते. कबुलीतून रेकॉर्ड तयार होते, रेकॉर्डमुळे अटक होते आणि अटकेतून पुढची कबुली निघते. पहिली चोरी त्याने केली होती की नाही, हे कोणत्याही न्यायालयात कधी तपासले गेलेलेच नसते. खटल्यांचा निपटारा लवकर होतो तो असा, आणि त्याचा सगळा भार या वस्त्यांवर पडतो.

---

कृष्णाकाठ:

@पालावरून, तुम्ही वर्णन केलेला प्रतिज्ञापत्राचा नमुना आमच्याकडेही तसाच आहे, आणि त्या मजकुराचा आरोपीच्या समजुतीशी फारसा संबंध नसतो, हे कोणीही प्रामाणिक वकील मान्य करील. तरीही उपाय प्ली बार्गेनिंग बंद करण्यात आहे असे मला वाटत नाही, कारण तो अध्याय काढून टाकला तरी माणसे आतच राहतील. अर्जाआधी इतर वाटा पाहिल्या जात नाहीत, तिथे सुधारणा हवी.

चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल आणि आरोपीला आधी शिक्षा झालेली नसेल, तर गुन्हा जामीनपात्र आहे, आणि माल किंवा त्याची किंमत परत केल्यावर शिक्षा सामुदायिक सेवेची आहे. पंचनाम्यात किंमत कशी लावली आहे, हे म्हणूनच आधी तपासावे. जुना मोबाइल नव्याच्या भावाने लावलेला मी अनेकदा पाहिला आहे. चोरीचा गुन्हा तडजोडीस पात्र आहे, त्यामुळे मालाचा मालक तयार असेल तर तडजोडीने निर्दोष सुटता येते. आणि शेवटी कबुलीच द्यायची ठरली, तर १९५८च्या परिवीक्षा अधिनियमाचा (तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याच्या कायद्याचा) लाभ मागावा. प्ली बार्गेनिंगमध्येही न्यायालय तो देऊ शकते आणि त्या अधिनियमाच्या १२व्या कलमामुळे दोषसिद्धीने येणारी अपात्रता लागत नाही. सरकारी नोकरीची आशा असलेल्या तरुणासाठी हा फरक आयुष्याचा आहे, आणि तो अर्ज करायला वकिलाचे एक पान लागते.

नव्या संहितेतील मुदतीबद्दलही सांगायला हवे. दोषारोप निश्चित झाल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा आहे. हेतू चांगला असेल, पण परिणाम असा होईल की पुराव्याची एकही साक्ष होण्याआधीच आरोपीला निर्णय घ्यावा लागेल, आणि पुरावा किती कच्चा आहे हे वकिलालाही त्या वेळी पुरते उमगलेले नसते.

---

वैनतेया:

वकीलसाहेब, तुमचा हा प्रतिसाद अतिशय मोलाचा आहे. माझा आग्रह आता नेमका करून सांगते. कोठडीत असलेल्या आरोपीचा असा अर्ज आला, तर न्यायालयाने आधी जामिनाचा प्रश्न निकाली काढावा, शक्य तिथे जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या हमीवर, त्याला सोडावे आणि मगच, तो बाहेर असताना, अर्ज विचारात घ्यावा. बाहेर येऊनही त्याला कबुली द्यावीशी वाटली, तर ती स्वेच्छेची मानायला माझी हरकत नाही. तसेच दालनातील चौकशीत ‘स्वखुशीने का?’ एवढेच न विचारता ‘काय केलेस ते तुझ्या शब्दांत सांग’ असे विचारावे आणि ते उत्तर दोषारोपपत्राशी ताडून पाहावे. मान हलवणे पुरेसे ठरू नये. गोदाकाठ यांनी मांडलेल्या प्रश्नावर मात्र माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. जिथे मृत्यू झाला आहे, तिथे निदान कुटुंबाने मागितलेले साक्षीदार तपासल्याशिवाय सौदा मंजूर होऊ नये, असे वाटते.

---

पालावरून:

वैनतेयाताई म्हणतात तसे आधी जामीन झाला तर आमच्याकडची निम्मी प्रकरणे कबुलीपर्यंत जाणारच नाहीत. वकीलसाहेब, एक विचारते. जामीन मंजूर आहे आणि केवळ जामीनदाराअभावी मुलगा आत आहे, अशा वेळी आम्ही कार्यकर्त्यांनी नेमके कोणाकडे जायचे? सध्या आमच्या भागातील एका कुटुंबाचा हाच प्रश्न आहे आणि त्यांच्यापुढे कबुलीचा अर्ज ठेवलेला आहे.

---

कृष्णाकाठ:

तो अर्ज तूर्त थांबवा. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी याच विषयावर निर्देश दिले आहेत. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते आणि सचिवांनी त्याच्या सुटकेसाठी मदत द्यायची असते. महिनाभरात जामीनपत्र सादर झाले नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. त्यामुळे जामिनाच्या आदेशाची प्रत घेऊन आधी प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि त्याच आधारावर वकिलामार्फत अटी शिथिल करून जातमुचलक्यावर सोडण्याचा अर्ज न्यायालयात दाखल करा. अर्जात आईची मिळकत, पालाचा ठिकाणा आणि ग्रामपंचायतीचा रहिवासाचा दाखला जोडा, कारण ‘ठावठिकाणा नाही’ हाच आक्षेप पहिल्यांदा येतो. मसुदा मी आज रात्री तुम्हांला व्यक्तिगत संदेशातून पाठवतो. गुन्ह्याचा क्रमांक आणि आदेशाची तारीख इथे जाहीरपणे न लिहिता तिथेच कळवा.